माजघरांतील मोहिमा

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या घरीं एक नवाच खेळ शिरला, आणि त्याजबरोबर एक वादही शिरला. पुण्यास शिकावयास असलेला आमचा पुतण्या फराळाचे डबे रिकामे करावयास आला, तो चार पुस्तकें, नकाशांची एक गुंडाळी आणि चित्रविचित्र आकारांच्या फाशांची एक थैली घेऊन आला. चार बाजूंचा, आठ बाजूंचा, बारा बाजूंचा आणि चक्क वीस बाजूंचा फासा! ती थैली माजघरांत उलटी होतांच आत्याबाईंनीं जपाची माळ बाजूस ठेविली व विचारिलें, "द्यूत मांडतोस कीं काय रे घरांत? धर्मराजाचें काय झालें तें ठाऊक आहे ना?" पुतण्यानें शपथेवर सांगितलें कीं यांत पैचाही व्यवहार नाहीं, यांत कोणी जिंकत नाहीं, कोणी हरत नाहीं, सर्वांनीं मिळून एक गोष्ट रचावयाची असते. "जिंकायचें नाहीं तर फासे कशाला?" हा आत्याबाईंचा दुसरा प्रश्न होता, आणि आमच्या मतें तो पहिल्याहून अधिक मार्मिक होता.

वाद मात्र द्यूतावरून झाला नाहीं. तिसऱ्या दिवशीं दादांनीं, म्हणजे आमच्या वडीलबंधूंनीं, त्या चार पुस्तकांपैकीं एक सहज चाळलें. त्यांत इंद्र, अग्नि, यम, विष्णु यांचीं नांवें आणि प्रत्येकापुढें त्याच्या अंगीं किती घाव सोसण्याचें बळ आहे त्याचा आंकडा, अशी जंत्री त्यांस दिसली. दादांचा चेहरा पालटला. "हीं पुस्तकें उद्यां परत जावयाचीं," एवढेंच ते बोलले. मुलें हिरमुसलीं, वहिनींनीं मुलांची बाजू घेतली, आणि घरांत चार अक्षरें लिहिणारा मनुष्य म्हणून निवाडा आमच्याकडे आला. निवाडा द्यावयाचा तर खटल्याचे कागद वाचले पाहिजेत. म्हणून आम्हीं तीं पुस्तकें वाचलीं, पुतण्याकडून आणखी कांहीं मागविलीं, आणि सुटी संपल्यावरही दर रविवारीं स्वतः खेळावयास बसलों. त्याचें फलित वाचकांपुढें ठेवीत आहों. कारण हा खेळ आज ना उद्यां पुष्कळ घरांत येणार, आणि यांतील कोणतें पुस्तक घरांत घ्यावें व कोणतें घेऊं नये हा प्रश्न आमच्या एकट्याचा राहणार नाहीं.

या खेळाचें मूळ अमेरिकेंतील. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनीं १९७४ सालीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नांवानें तो प्रसिद्ध केला. त्यापूर्वीं तो छोट्या शिपायांच्या लुटुपुटीच्या लढाया खेळणाऱ्या हौशी मंडळींत मुरत होता. एक जण सूत्रधार होतो. तो प्रसंग सांगतो: समोर दार आहे, दाराला गंज चढला आहे, पलीकडून पाणी ठिबकल्याचा आवाज येतो. इतरांनीं एकेक सोंग घेतलेलें असतें, कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी मांत्रिक. आणि आपण आतां काय करणार तें प्रत्येकानें त्या सोंगाच्या तोंडून सांगावयाचें. दार फोडतों म्हटलें, तर तें फुटलें कीं नाहीं हें फासा ठरविणार. आत्याबाईंच्या प्रश्नाचें उत्तर हें. आपल्याकडे मोक्षपट आहेच. परंपरा त्याचें जनकत्व ज्ञानेश्वरांकडे व निवृत्तिनाथांकडे देते, आणि निवृत्तिनाथांची समाधि येथून जवळ त्र्यंबकेश्वरीं. तेव्हां नाशिककरांस तो खेळ घरचाच. पण मोक्षपटांत कवड्या नेतील तिकडे सोंगटीनें जावें. सर्प गिळतो, शिडी उचलते, आणि खेळणाऱ्याच्या इच्छेस तेथें जागा नसते. या खेळांत इच्छा प्रथम आणि फासा मागाहून. सोंगाचें म्हणाल, तर तेंही आम्हांस नवें नाहीं. पेठ-सुरगाण्याकडे आणि मोखाडा-जव्हाराकडे बोहाड्यांत मशालींच्या उजेडांत देवादैत्यांचे मुखवटे रात्र रात्र नाचतात. आमच्या त्र्यंबकच्या दादासाहेब फाळक्यांनीं १९१७ च्या 'लंकादहना'त अण्णा साळुंके या एकाच नटाकडून राम आणि सीता हीं दोन्ही सोंगें वठवून घेतलीं आणि लोकांनीं तीं मानलीं! मग आमच्या आत्याबाईंनीं पदर खोंचून 'मी वाटाड्या' म्हणावें यांत नवल तें काय?

सूत्रधाराच्या सोयीसाठीं तयार मोहिमांचीं पुस्तकें मिळतात. त्यांत नकाशा, दालनें, तेथें राहणारे लोक व जनावरें यांची टिपणें असतात. त्याहून मोठीं तीं प्रांतांचीं पुस्तकें; त्यांत एक सबंध कल्पित जग, त्याचे राजे, देव, नाणीं आणि भांडणें वर्णिलेलीं असतात. दोन्ही जातींत सोनें आहे आणि गाळही आहे.

आमच्या माजघरांत जें पुस्तक सर्वांत अधिक रमलें तें गायगॅक्सचेंच, १९७९ सालचें 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स'. सरहद्दीवर एक गढी आहे. तिच्यापासून थोड्या अंतरावर एका घळींत पुष्कळ गुहा आहेत आणि प्रत्येक गुहेंत राक्षसांची एक टोळी. एवढाच मामला. पण या पुस्तकांत एक उणीव आहे, आणि ती उणीवच त्याचें बळ आहे: गढींतील माणसांस नांवें दिलेलीं नाहींत. शिपाई, सोनार, धर्मगुरु, किल्लेदार, असे नुसते हुद्दे. नांव, स्वभाव, नातींगोतीं हीं ज्यानें त्यानें भरावयाचीं. आत्याबाईंनीं पहिल्याच दिवशीं वेशीवरील पहारेकऱ्यास विचारिलें, "तुझें नांव काय बाबा? घरीं कोण कोण असतें?" सूत्रधार झालेल्या पुतण्यास क्षणभर कांहीं सुचेना. मग त्यानें त्यास नांव दिलें, आजारी आई दिली, आणि न मिळालेला दोन महिन्यांचा पगारही दिला. पुढचे तीन रविवार आम्ही गुहा सोडून त्या पगाराच्याच मागें होतों. किल्लेदारापर्यंत दाद लावली, कोठीवाल्याची लबाडी उघडकीस आणिली, आणि राक्षसांपैकीं एकही तोंवर मेला नव्हता. मुलांनीं कुरकुर केली असती असें वाटेल, पण पगार हातीं पडला त्या दिवशीं मुलांनीं फटाके वाजविले.

चौथ्या रविवारीं गुहेंत गेलों. पहिल्या दोन दालनांतील लढाई जिंकून तिसऱ्यांत पाऊल टाकतों तों तेथें त्या टोळीच्या बायका आणि मुलें. पुस्तकांत तीं तशींच नोंदलेलीं आहेत. त्यांचें काय करावें तें लेखक सांगत नाहीं. आमचा धाकटा पुतण्या, वय वर्षें अकरा, वीस बाजूंचा फासा मुठींत हलवीत होता. त्यास आत्याबाईंनीं हात धरून थांबविलें. "हीं लढत नाहींत," त्या म्हणाल्या. मुलगा म्हणाला, "पण आजी, राक्षस आहेत ना तीं!" त्यावर माजघरांत जी चर्चा झाली ती रात्रीं जेवणाच्या पानांवरही संपली नाहीं. विभीषण निघाला, प्रल्हाद निघाला. मुलानें शेवटीं फासा खालीं ठेविला तो कोणी दटाविलें म्हणून नव्हे, बराच वेळ गप्प बसून तो म्हणाला, "मग यांना बाहेर जायला वाट देऊं या." ही मोहीम चांगली कीं वाईट असें आम्हांस कोणी विचारिलें तर आम्ही त्या शांततेकडे बोट दाखवूं. लेखकानें हा पेंच जाणून घातला कीं अजाणतां, हें आम्ही विचारीत नाहीं.

याच लेखकाचें 'टूम ऑफ हॉरर्स' मात्र आम्हीं एका बैठकींत मिटून ठेविलें. तें १९७५ सालीं एका स्पर्धेसाठीं रचिलें गेलें व १९७८ सालीं छापलें. कीर्ति मोठी. एका मेलेल्या मांत्रिकाची समाधि, आणि तींत पावलोपावलीं प्राणघातक सांपळे. आरंभींच भिंतींत हिरव्या दैत्याचें आ वासलेलें तोंड कोरलेलें आहे. त्यांत जो शिरला तो नाहींसा झाला, फाशाची दादफिर्याद नाहीं. आमची वहिनी शिरली. तिनें दोन तास खपून आपल्या सोंगाचें कुळ, मूळ, पोशाख, सारें लिहून काढिलें होतें, तें अर्ध्या मिनिटांत संपलें. स्पर्धेंत कोण अधिक सावध हें पाहावयास हें ठीक. पण घरांत चार वयाचीं माणसें एकत्र बसलेलीं असतां, ज्यांत कुतूहलास मृत्यूची शिक्षा आहे असें पुस्तक आम्ही चांगलें म्हणणार नाहीं, मग जाणते लोक त्याची कितीही वाखाणणी करोत.

ट्रेसी व लॉरा हिकमन या दांपत्यानें रचिलेलें १९८३ चें 'रेव्हनलॉफ्ट' हें त्याच्या नेमकें उलट. डोंगरकड्यावरचा वाडा, त्याचा रक्तपिपासु सरदार, आणि त्या सरदाराची जुनी, नासलेली प्रीति. वाड्याचा नकाशा असा काढलेला कीं मजल्यावर मजला उभा दिसतो. आमच्या जुन्या वाड्यांतील अंधाऱ्या जिन्यांत वाढलेल्या मुलांस तो पाहतांच कळला. सर्वांत मोठी युक्ति म्हणजे एक भविष्य सांगणारी बाई साधे पत्ते मांडते, आणि हवी ती तलवार कोठें दडली आहे आणि त्या सरदाराचा या खेपेस हेतु काय आहे तें त्या पत्त्यांवरून ठरतें; म्हणून दुसऱ्यांदा खेळतां गोष्ट निराळी होते. दोष एकच, पण लहान नव्हे. त्या भविष्यवादी भटक्या लोकांचें चित्र युरोपांतील रोमा जमातीविषयींच्या पिढीजात अवहेलनेवरून उचललेलें आहे. याच कथेच्या २०१६ च्या नव्या आवृत्तीवर त्यासाठीं टीका झाली आणि २०२० सालीं प्रकाशकांस मजकूर सुधारावा लागला. आपल्या दारीं येणाऱ्या भटक्यांविषयीं आपण काय काय बोलतों हें आठवून आम्हीं त्या टीकेस मान डोलाविली.

१९८४ पासून निघालेल्या 'ड्रॅगनलान्स' मालिकेचा लौकिक तिच्या कादंबऱ्यांमुळें अधिक. मोहीम म्हणून ती आम्हांस आगगाडीसारखी वाटली: रूळ आधींच टाकलेले, आपण फक्त खिडकींतून पाहावें. वीर आधींच ठरलेले, आणि त्यांपैकीं महत्त्वाचा कोणी मेलाच तर त्याचें मरण असें संदिग्ध ठेवावें कीं पुढें त्यास परत आणतां येईल, अशी सूत्रधारास सूचनाच आहे. ठरलेली गोष्ट ऐकावयाची तर आम्ही कीर्तनास जाऊं. तेथें निदान बुवांचा आवाज तरी गोड असतो. त्याच साली निघालेलें 'द फॉरेस्ट ऑरॅकल' हें तर जाणकारांच्या तोंडीं वाईटपणाचा मासला होऊन बसलें आहे. त्यांत रस्त्यानें सात माणसें येतात. लेखक सांगतो कीं तीं रेंगाळत नाहींत आणि धांवतही नाहींत. मोठ्यानें थट्टा करीत नाहींत आणि गातही नाहींत. हें वाचून झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "म्हणजे माणसें येत आहेत, एवढेंच ना?"

लॅरी डिटिलिओचें 'मास्क्स ऑफ न्यार्लाथोटेप' (१९८४) हें दुसऱ्या एका, भयकथेच्या खेळाचें. न्यूयॉर्कपासून कैरो, शांघायपर्यंतचा प्रवास. आणि खेळणाऱ्यांच्या हातीं देण्यासाठीं पत्रें, कात्रणें, एक काड्यापेटीसुद्धां. तें थोरांसाठींच आहे, मुलांसाठीं नव्हे.

प्रांतांच्या पुस्तकांत ज्यानें आम्हांस मोहिलें आणि ज्यानें मन विटविलें तें एकच. मिनेसोटा विद्यापीठांत उर्दू व दक्षिण आशियाई विषय शिकविणारे प्राध्यापक एम. ए. आर. बार्कर यांचें 'टेकुमेल' हें जग १९७५ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत युरोपांतील सरदार-दरकदार नाहींत. पूर्वेकडील राज्यांसारखें, कुळें, देवळें, दानपत्रें आणि दरबारी शिष्टाचार यांनीं गजबजलेलें तें साम्राज्य आहे, आणि त्याच्या भाषेचें व्याकरण व लिपिही बार्करांनीं रचिली आहे. व्याकरणाचें वेड असलेल्या घरांत असें पुस्तक आल्यावर काय होतें तें सांगावयास नको. दादांनीं सुद्धां तें चोरून वाचलें. परंतु बार्कर २०१२ सालीं वारल्यावर दहा वर्षांनीं, २०२२ सालीं, त्यांच्या साहित्याचा सांभाळ करणाऱ्या संस्थेनेंच कबूल केलें कीं १९९१ सालीं टोपणनांवानें निघालेली नाझी मतांचा पुरस्कार करणारी एक कादंबरी त्यांचीच होती. इतक्या जातींच्या माणसांचें इतक्या प्रेमानें जग बांधणारा हात तोच आणि तीही लिहिणारा तोच! आम्हीं पुस्तक कपाटांत ठेविलें आहे. खेळावयास काढीत नाहीं, टाकवतही नाहीं.

आतां दादांचा आक्षेप. तें पुस्तक 'डेइटीज अँड डेमिगॉड्स', जेम्स वॉर्ड व रॉबर्ट कुंट्झ यांचें, १९८० सालचें. त्यांत ग्रीक, मिसरी, चिनी अशा अनेक दैवतांबरोबर आपलींही दैवतें आंकड्यांसह दिलीं आहेत, आणि आंकडा दिला कीं तो शून्यावर आणण्याची हौस खेळणाऱ्यास होणारच. वहिनींचें म्हणणें असें कीं पुराणांत इंद्र किती वेळां पळाला त्याची गणतीच नाहीं. देवांचा पराभव सांगण्यांत पाप असतें तर व्यासच पहिले दोषी. यावर दादा म्हणाले, "व्यासांनीं पराभव सांगितला. आंकडा नाहीं सांगितला." वाद ऐकतां ऐकतां आमचें मत दादांकडे झुकलें. मात्र त्याचें कारण भक्तीचें नाहीं. इंद्र पळतो तेव्हां त्यामागें एखादा शाप, एखादा वर, त्याचा स्वतःचा मद असतो. त्या पळण्याला गोष्ट आहे. जंत्रींत गोष्ट नाहीं, आणि गोष्ट नसलेलें पुस्तक या खेळांत निरुपयोगी. शिवाय ज्या ग्रीक देवांस आज कोणी नैवेद्य दाखवीत नाहीं त्यांच्या पंक्तीस, ज्यांची सकाळींच आमच्या देवघरांत पूजा झाली आहे ते बसविले, हा अविवेक वेगळाच. तें एक पुस्तक परत जावें आणि बाकीचीं राहावीं असा आम्हीं निवाडा दिला. दादांनीं तो मानला, मुलांनींही मानला. वहिनी अद्याप मानीत नाहींत.

याच प्रकाशकांच्या परंपरेंत पुढें २०२२ सालीं 'जर्नीज थ्रू द रेडिअंट सिटाडेल' हा तेरा मोहिमांचा संग्रह निघाला, तो मात्र अवश्य पाहावा. त्यांत मिमी मोंडल या बंगाली लेखिकेची मोहीम आहे. तिचा प्रांत बंगालच्या नद्यांच्या मुखाशीं असलेल्या भूमीवरून सुचलेला आहे, आणि घरच्या माणसानें लिहिलेलें व पाहुण्यानें लिहिलेलें यांतील अंतर पहिल्या पानापासून जाणवतें. मुलांनीं तें वाचून विचारिलें, "मग आपलें कुठें आहे?"

या प्रश्नानें आम्हीं आपलीं जुनीं कपाटें उघडलीं. रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड' १८७१ ची; गड कल्पित, काळ शिवरायांचा. इतकी आयती मोहीम शोधून मिळणार नाहीं. गो. ना. दातारांच्या 'कालिकामूर्ति', 'इंद्रभुवनगुहा' यांचीं नांवें वाचूनच धाकट्याचे डोळे विस्फारले. त्यांतील पुष्कळ सामग्री रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराची आहे हें खरें, पण दातारांनीं तिला असा देशी पेहराव चढविला कीं शिवण दिसत नाहीं. नाथमाधवांची 'वीरधवल' १९१३ ची. सिंहगडावरून पडून कमरेखालीं लुळा झालेला मनुष्य अंथरुणावरून गडकोट आणि भुयारें उभीं करतो, हें मुलांस सांगितलें तेव्हां त्यांनीं तें पुस्तक अधिक हळुवारपणें हातीं घेतलें. हिंदींतील देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता' तर १८८८ सालीं तिलिस्म, ऐयार आणि कळसूत्री दारें घेऊन बसलेली आहे; गायगॅक्सच्या जन्माआधीं पन्नास वर्षें. आमचा दोष इतकाच कीं या सामग्रीचें खेळाचें पुस्तक कोणी केलें नाहीं. आम्हीं वाचलीं, मुलांच्या हातीं दिलीं नाहींत, आणि मग मुलांनीं सातासमुद्रांपलीकडील गढ्या मागविल्या म्हणून रागावलों.

सध्यां मुलें आपली पहिली मोहीम लिहीत आहेत. जागा दूरची नाहीं, दिंडोरीच्या वाटेवरचा रामशेज. १६८२ सालीं मोगलांनीं त्यास वेढा घातला आणि तो लहानसा गड वर्षानुवर्षें हटला नाहीं. खाफीखान हा मोगलांकडचाच इतिहासकार लिहितो कीं गडावर लोखंडी तोफा नसल्यानें मराठ्यांनीं लांकडाच्या तोफा करून त्यांवर कातडें मढविलें. तोच सांगतो कीं भूतें वश असल्याची बढाई मारणाऱ्या एका मांत्रिकानें मोगल सरदाराकडून सोन्याचा नाग करून घेतला व तो हातीं धरून सैन्यापुढें गड चढूं लागला. वरून गोफणीचा धोंडा छातींत बसला, आणि नाग एकीकडे व मांत्रिक दुसरीकडे झाला. हें आम्हीं वाचून दाखविलें तेव्हां पुतण्यानें टांक खालीं ठेवून विचारिलें, "काका, हें खरोखर लिहिलेलें आहे?"

किल्लेदार आत्याबाई होणार. त्यांनीं गडावरच्या धान्याची, पाण्याच्या टांक्यांची आणि कातड्याची यादी आतांच करून ठेविली आहे. वहिनींकडे गोफण आहे. सोन्याचा नाग घेऊन चढणाऱ्या मांत्रिकाचें सोंग कोणी घ्यावें यावर मुलें अडलीं होतीं; काल रात्रीं दादांनीं वर्तमानपत्रामागून, मान वर न करतां, तें आपण घेतों म्हणून कळविलें.